दारावरचा माणूस

शेवटचं कार्ड पंचाच्या टेबलावर ठेवून हरिदास मागं फिरला आणि पिस्तूल मऊ फडक्यात गुंडाळू लागला. काळ्या गोलात छर्‍यांची भोकं एकमेकांना चिकटून पडली होती. असं कार्ड त्यानं आजवर मारलं नव्हतं. शेजारच्या पुण्याच्या नेमबाजानं चष्मा वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरे होतं.

नागपूरच्या त्या हॉलच्या दाराशी वामनराव उभे होते. चंद्रपूरच्या क्लबाचे सेक्रेटरी तेच, शिकवणारेही तेच. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हातातला चहाचा कप हरिदासपुढं धरला.

"बस, हरिदास."

"उभाच बरा आहो, भाऊ. टीमचं काय झालं?"

"बस म्हणतो ना."

तो बाकावर बसला.

"घुग्घुसवरून फोन आला. तुह्या साळ्याचा, मुखरूचा." वामनराव त्याच्या खांद्याकडे पाहत होते. "कांताबाई गेली."

"कुठी गेली?"

हरिदासनं कप खाली ठेवला. फरशीवर नीट, सांडू न देता.

"काल त नुसता ताप होता," तो म्हणाला. "गोळ्या देल्या होत्या डॉक्टरनं. जा म्हणे मले. तुमी जा, मी झोपून राह्यते म्हणे."

"ताप डोक्यात चढला. सकाळी फोन आला तवाच शुद्ध नवती तिले..."

वामनराव थांबले. पण बोलून झालं होतं.

"सकाळी?"

वामनराव खोटं बोलले नाहीत. "सकाळीबी एक आला होता. दवाखान्यात नेलं, हरिदासले धाडा म्हणून. तू लाइनीवर जायच्या जरासा आधी."

"आन मले काऊन नाई सांगतलं?"

"आपला कायदा तुले माहीत आहे. लाइनीवरच्या माणसाले निरोप देत नाई."

"मी लाइनीवर नवतो. बूट बांधून राह्यलो होतो. तुमच्या समोर बूट बांधून राह्यलो होतो."

"हरिदास, मले वाटलं, ताप आहे, उतरन..."

हरिदास उठला. पिस्तूल क्लबाचं होतं, ते बाकावरच राहिलं. वामनराव मागून आले.

"मी येतो संगं."

"येऊ नका. तुमी आले त रस्त्यानं मी तुमाले मारीन."

हे तो मोठ्यानं बोलला नाही. वामनराव जागीच थांबले.

क्लबाचा तो कायदा वामनरावांनीच केला होता. नेमबाजी म्हणजे श्वासाचं काम. कानात एक शब्द पडला की पिस्तुलाच्या नळीवरची नेम धरायची माशी थरथरते आणि मग दिवसभर जागेवर येत नाही, असं ते सांगत. म्हणून सामना असला की दारावर एक माणूस बसायचा. फोन असो, तार असो, कोणाची सासू असो, सगळं त्याच्यापाशी थांबायचं. कार्डं संपली की ज्याचा निरोप त्याला मिळायचा. यावर पोरं हसत. त्यांच्यातला खुशाल म्हणायचा, "माह्या घराले आग लागली त विझल्यावरच सांगजा, भाऊ." हरिदासही हसला होता.

तो घरी पोचला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मुखरूनं त्याला सांगितलं की दुपारी तिनं जरा डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि "आले का?" म्हणून विचारलं. हे मुखरूनं सांगायला नको होतं. पण सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वामनराव पांढरा सदरा घालून आले. पंचशील झालं, भोजनाच्या पंगती बसल्या, तरी ते मांडवाच्या कडेला उभेच. कांताची मोठी बहीण भागीरथा हातातली भाताची परात तशीच धरून त्यांच्यासमोर गेली.

"काय भाऊ, आज कोणता निरोप दाबून आले?"

वामनरावांनी मान खाली घातली. हरिदासनं तिला थांबवलं नाही. मेव्हणीनं आणखी दोन शब्द बोलावेत असंच त्याला वाटत होतं.

कोळसा खाणीच्या वर्कशॉपात तो फिटर होता. पाळी संपवून घरी आला की पूर्वी तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळीचा गोल काढून बिनपिस्तुलाचा सराव करायचा. क्लबाची पिस्तुलं मोजकी, ती घरी मिळत नसत. म्हणून हातात तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा. हात वर न्यायचा, गोलाखाली आणून थांबवायचा, श्वास धरायचा, नसलेला चाप ओढायचा. कांता तांदूळ निवडत बसलेली असे. मान वर न करता म्हणायची, "हालला." तिला कसं कळायचं कोण जाणे, पण हात खरोखरच हललेला असायचा.

ती गेल्यावर महिनाभरानं त्यानं तो तुकडा पुन्हा हातात घेतला. आवड म्हणून नव्हे. वामनरावांना त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच पोरांसमोर हरवायचं, इतकं हरवायचं की म्हातार्‍यानं पुन्हा पिस्तूल उचलू नये, असं त्यानं ठरवलं होतं. रोज दीड-दोन तास तो भिंतीसमोर उभा राहायचा. खांदा सुजला. भिंतीवरच्या गोलाच्या जागी त्याला वामनरावांचा चहाचा कप धरलेला हात दिसायचा.

रविवारी तो राजदूत फटफटी काढून चंद्रपूरला क्लबात गेला. कोणाशी न बोलता त्यानं छर्रे घेतले आणि लाइनीवर उभा राहिला. छर्रा खाली डावीकडे गेला. दुसराही तिकडेच. त्यानं कार्ड बदललं. तेच.

मागून आवाज आला, "मनगट दाबून राह्यला तू."

हरिदासनं मागं पाहिलं नाही.

"राग घरी ठेवून येत जा, हरिदास."

"घरी जागा नाई."

त्या दिवशी त्याचा एकही छर्रा काळ्यात बसला नाही. तो चार-पाच रविवार गेला. मग जाणं सोडलं. त्याला वामनरावांचा राग होताच, आता स्वतःच्या हाताचाही येऊ लागला. वर्कशॉपात पाना धरला तरी बोटं थरथरायची.

पुढच्या हिवाळ्यात खुशाल घरी आला. जिल्ह्याचा सामना चंद्रपूरला, एका शाळेच्या हॉलात होता. दारावर बसायला माणूस हवा होता.

"भाऊनं धाडलं तुले?"

"भाऊनंच. म्हणे, हरिदास बसत असन त बसू द्या. येऊ त द्या त्याले हॉलात."

हरिदासनं लोखंडी तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "बसतो. पण सांग त्याईले, माह्या दारात कोणाचा निरोप थांबणार नाई. कोणाचाबी येवो, मी आत जाऊन सांगीन."

"सांगतो."

"तोंडावर सांग."

खुशालनं सांगितलं. वामनराव नुसतं "बरं" म्हणाले.

सामन्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. हॉलच्या दाराला लागून हेडमास्तरांची खोली, तिच्यात टेलिफोन. हरिदास दोन्हींच्या मध्ये खुर्ची टाकून बसला. आत सहा जण लाइनीवर होते. खुशाल दुसरा, वामनराव सगळ्यात अलीकडे, दाराजवळ. कानांत कापूस. हवेच्या पिस्तुलाचा आवाज मोठा नसतो; कोणी लाकडी पेटीचं झाकण आपटावं तसा. तो आवाज एकामागून एक येत होता आणि प्रत्येक आवाजाला हरिदासच्या दाढा दाबल्या जात होत्या.

फोन वाजला. त्यानं उचलला.

"हॅलो, मी श्रावण बोलून राह्यलो, गडचांदूरवरून. बाबा आहे का तिथी?"

श्रावण म्हणजे वामनरावांचा जावई. सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता.

"आहे. काय झालं?"

"कमळाचं बाळंतपण अडलं. रक्त लई चाल्लं. डॉक्टर म्हणते, रक्त द्या लागते, अन् माह्यं जुळत नाई. बाबाचं जुळते. लवकर धाडा ना जी त्याईले. लवकर!"

"धाडतो," हरिदास म्हणाला.

फोन ठेवून तो दाराशी आला. वामनराव पिस्तूल उचलत होते. मनगट सरळ, डावा हात खिशात. पिस्तूल वर गेलं, सावकाश खाली आलं, थांबलं. आवाज झाला. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तळहात पँटला पुसला, वाटीतून दुसरा छर्रा उचलला.

हरिदासचा हात दाराच्या कडीवर होता.

हे कार्ड होऊ दे, असं त्याच्या मनात आलं. एवढं कार्ड. मग कळेल त्यांना.

म्हातारा सावकाश मारत होता. प्रत्येक छर्‍याआधी दोनदा श्वास घेत होता. हरिदास एकेक छर्रा पाहत उभा राहिला. मध्येच त्याचं लक्ष कडीवरच्या आपल्या हाताकडे गेलं. कांता गेल्यापासून थरथरणारा तो हात अगदी स्थिर होता.

कार्ड तारेवरून सरकत अलीकडे आलं. वामनरावांनी ते काढून नवं लावलं. लावताना त्यांनी सवयीनं दाराकडे पाहिलं आणि भुवया उचलल्या. दारावरच्या माणसाला नेहमी विचारायचे तसं. सगळं ठीक?

हरिदासनं मान हलवली. ठीक.

नवं कार्ड तारेवरून पलीकडे गेलं. वामनरावांनी पिस्तूल उचललं, छर्रा मारला, पुन्हा वाटीत हात घातला. तेवढ्यात हरिदास आत शिरला. पंच ओरडला, "ओ, लाइन चालू आहे!" हरिदासनं वामनरावांच्या कानातला कापूस आपल्या बोटानं काढला.

"कमळाच्या घरचा फोन आहे. बाळंतपण अडलं. रक्त पाह्यजे तुमचं. चला."

वामनरावांनी हातातला छर्रा वाटीत परत ठेवला. पिस्तूल उघडून, नळी कार्डाकडे करून टेबलावर ठेवलं. त्या वेळीसुद्धा त्यांनी ते रीतसर ठेवलं, याची हरिदासला चीड आली.

"केव्हा आला?"

"आत्ताच."

राजदूतवर वामनराव मागं बसले. राजुर्‍यानंतर रस्ता चुनखडीच्या ट्रकांनी भरला होता. पांढरी धूळ, समोरचं काही दिसत नव्हतं. हरिदास ट्रकांच्या बाजूनं, कच्च्यातून गाडी काढत होता.

"सांभाळून रे."

"बसा चुपचाप."

पुढं रेल्वेचं फाटक पडलेलं. ट्रक रांगेनं उभे. हरिदासनं गाडी थेट फाटकापाशी नेली.

"उघड ना बे! पोरगी मरून राह्यली तिकडं!"

फाटकवाला बिडी काढून म्हणाला, "मालगाडीले तू थांबवतं का मी थांबवू? आत्ताच पाडलं. जराशे आधी आले असते त निंगून गेले असते."

मालगाडी यायला बराच वेळ लागला. आल्यावर तिचे डबे संपेनात. हरिदास फाटकाच्या लोखंडी दांड्याला लाथा घालत होता. लोक पाहत होते.

"काऊन एवढा चिडतं?" वामनराव मागून म्हणाले. "तुहा काय दोष आहे त्यात?"

हरिदासनं लाथ मारणं थांबवलं.

दवाखान्यात वामनरावांना आत नेलं. हरिदास बाहेर पायरीवर बसला. श्रावण येरझारा घालत होता, त्यानं एकदा विचारलं, "लवकर निंगाले ना जी तुमी?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा आत गेला. उन्हं कलली. कारखान्याचा भोंगा झाला.

वामनराव बाहेर आले तेव्हा कोपरात कापूस धरून होते. चेहरा उतरला होता. ते त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"पोरगी वाचली."

"आन लेकरू?"

"नाई राह्यलं. पोरगा होता." ते कापसाकडे पाहत राहिले. "डॉक्टर म्हणे, अजून उशीर होता त कमळाबी गेली असती."

हरिदासनं विचारलं नाही की लेकरू केव्हा गेलं. डॉक्टरला विचारता आलं असतं. आत जाऊन तेवढंच विचारायचं होतं. तो उठला नाही.

"हरिदास," वामनराव म्हणाले, "तुह्यावर वक्त आला तवा मी तोंड उघडलं नाई. तू माह्यासाठी लाइन मोडून आत आला. वर्ष झालं, रोज वाटते तुह्या घरी यावं, सांगावं. हिंमत नाई झाली. चुकलंच माह्यं. कांताबाईचा गुन्हेगार आहो मी. मले माफ कर."

हेच वाक्य ऐकायला हरिदास वर्षभर थांबला होता. पाळीवर, भिंतीसमोर, रस्त्यानं त्यानं त्याची उत्तरं तयार केली होती, एकाहून एक कडू. म्हातारा रडत होता.

"आत जा," तो म्हणाला. "पोरीपाशी बसा."

यालाही आता दोन वर्षं झाली. हरिदास पुन्हा क्लबात जातो. छर्रे काळ्यात बसू लागले आहेत. सामना असला तरी आता दारावर कोणी नसतं. वामनरावांनी तो कायदा काढून टाकला आणि नव्या पोरांना ते त्याचं कारण सांगतात, हरिदासकडे बोट दाखवून. हरिदास अशा वेळी कार्डं मोजत बसतो.

त्या दिवशी फोन खरा केव्हा आला होता, हे वामनरावांना सांगायचं राहिलं आहे.