शून्य कुठे धरायचे

सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी आतली हवा तपासायची, आणि त्याआधी तपासणाऱ्या मीटरला स्वच्छ हवेत धरून शून्यावर आणायचे. यातले दुसरे काम हेमाली तांडेल चौदा महिने रोज सकाळी सातला करीत आली होती. तारापूरच्या त्या रसायन कारखान्यात ती केमिस्ट होती आणि सुरक्षा समितीवर संघटनेने पाठवलेली कामगारांची प्रतिनिधीही. मीटर ती प्रयोगशाळेच्या मागच्या दारात धरीत असे. कार्यपद्धतीच्या कागदावर तसेच लिहिले होते: ‘मागील दाराशी, मोकळ्या हवेत’. तो कागद तिनेच लिहिला होता.

सोमवारी दुपारी जानू मीटर परत करायला आला. टाकी साफ करणाऱ्या तिघांच्या टोळीचा तो मुकादम. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज येणारा.

“म्याडम, या मशीनला काय तरी सांगा. दुपारचं आकड्याच्या अगोदर रेघ काढतंय.”

पडद्यावर उणे सहा होते. सुरक्षा अधिकारी मेहुल तिथेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, “मायनस म्हणजे शून्याहूनही शुद्ध. जानू, तुला टाकीवर महाबळेश्वर लागलंय.”

“मंग तुमी पन या की साहेब, हवा खायाला.”

हेमाली हसली नाही. मीटर मोजतो तो विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, हवेत मुळीच नसू शकतो. मुळीच नसण्याहून कमी असू शकत नाही. म्हणजे सकाळी ज्या हवेला तिने शून्य मानले, त्या हवेत तो होता. तिने चाचणीचा वायू जोडला. वीस दिसायला हवे होते, चौदा दिसले. तिने मीटर पश्चिमेच्या फाटकाबाहेर नेला, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात नव्याने शून्यावर आणला आणि कपाटात ठेवला. मंगळवारी सकाळी सातला, काहीही न बदलता, तो मागच्या दारात धरला. सात.

कारण साधे होते. हिवाळ्यात पहाटेपासून वारा जमिनीवरून येतो, आणि दाराच्या पूर्वेला टाकी होती. दुपारी वारा फिरतो. वर्षातून दोनदा मीटर तपासायला येणारा माणूस नेमका दुपारीच येई आणि तेव्हाच्या स्वच्छ हवेत आधी नव्याने शून्य धरी, त्यामुळे त्याला दोष कधी दिसला नव्हता. मीटरचा दहावर वाजणारा भोंगा प्रत्यक्षात सोळा-सतरावर वाजणार होता. रोज फरक तेवढाच असेल असे म्हणता येत नव्हते. कमी असेल असेही नाही. नोंदवहीत टाकीत उतरल्याच्या एकतीस नोंदी होत्या. प्रत्येकीखाली तिची सही होती.

त्याच मंगळवारी दहा वाजता सरकारी निरीक्षक येणार होते. अकराला त्यांच्यासमोर जानूची टोळी टाकीत उतरणार होती.

संघटनेचा सचिव कमलेश तिला कँटीनमध्ये भेटला. सगळे ऐकून त्याने बशी बाजूला सारली.

“निरीक्षकाबरोबर आपला माणूस फिरणार, यासाठी तीन वर्षं भांडलो आपण. आणि तू पहिलंच वाक्य काय बोलणार? चूक माझी?”

“दुसरं काय बोलू?”

“मीटर जुना झालाय म्हण. नवा घेतील.”

“नवाही त्याच दारात धरला जाईल, कमलेशदादा. मी रजेवर असले की हेतल धरते. कागदात दार लिहिलंय.”

“मग दार बदल. गुपचूप. आजपासून जानू सुरक्षित, तूही सुरक्षित.”

यात तर्काची चूक नव्हती, हे तिला मान्य करावे लागले. आजपुरता प्रश्न सुटत होता.

“आणि आधीच्या एकतीस वेळांचं काय?” तिने विचारले. “जानूचं डोकं दुखतं. तो म्हणतो, ऊन लागलं.”

“लागलं असेल.”

“असेलही. पण मी सांगितल्याशिवाय ते तपासणार कोण?”

“कंपनी तुला काढेल बाई. वर म्हणेल, बघा, संघटनेच्याच माणसानं घोळ घातला.”

“म्हणेल. घोळ घातलाच आहे.”

कामगारांच्या प्रतिनिधीला दिसलेला धोका व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही सांगण्याची मुभा कायद्यात आहे. ‘त्याच वेळी’ या शब्दांचे मोल हेमालीला टाकीच्या काठावर कळले. आधी मेहुलला सांगितले असते, तर तपासणी संपेपर्यंत थांबण्याची विनंती आली असती. तिने दोघांसमोर सोमवारचे आणि मंगळवारचे आकडे क्रमाने सांगितले.

निरीक्षकांनी नोंदवही उघडली. “ही सही कुणाची?”

“माझी.”

“कार्यपद्धती?”

“मी लिहिली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मंजूर केली.”

मेहुल पाइपांकडे पाहू लागला. निरीक्षकांनी मीटर दोरीने टाकीत सोडायला लावला. पंधरा, भोंगा वाजला. मागच्या दाराच्या शून्यावर हाच आकडा आठ दिसला असता आणि भोंगा गप्प राहिला असता. त्यांनी उतरणे थांबवले, पूर्वी उतरलेल्या सर्वांच्या वैद्यकीय तपासणीचा आदेश लिहिला आणि अहवालात हेमालीचे पूर्ण नाव घातले.

कमरेला पट्टा बांधून उभा असलेला जानू पुढे आला.

“म्हंजे आमी उतरलो तवा बी हे असंच होतं?”

“असणार. किती, ते आता सांगता येणार नाही.”

“तुमी तर रोज सांगत होता, हवा चांगली हाय.”

“सांगत होते.”

जानूने पट्टा सोडला, जमिनीवर ठेवला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी तिला खुलाशाची नोटीस मिळाली. तिने चार ओळींत उत्तर दिले. त्यात वाऱ्याचा उल्लेख होता, कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. कमलेश चार दिवस तिच्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी तो संघटनेचे पत्र घेऊन आला. कागद मंजूर करणाऱ्यांचीही चौकशी करा, असे त्यात होते. चौकशी महिनाभराने ठरली. तोवर तिची नोकरी होती आणि समितीवरची जागाही. पुढचे कुणालाच ठाऊक नव्हते.

बारा दिवसांनी टाकीत पंखा लावून हवा खेळवली गेली आणि दुपारी उतरण्याचे परमिट पुन्हा निघाले. हेमालीने सही करून ते जानूपुढे धरले. त्याने पेन घेतले नाही.

“मशीन माझ्याकडं द्या.”

तिने दिले. तो पश्चिमेच्या फाटकाबाहेर गेला, चिमूटभर माती हातातून सोडून वारा पाहिला, मळणीनंतर भात वारवताना पाहतात तसा. मग कारखान्याकडे पाठ करून मीटर हवेत धरला. ती त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती.

“तुमचा इश्वास नाय असं नाय, म्याडम,” तो न वळता म्हणाला.

“नसला तरी चालेल. या कामात नसलेलाच बरा.”

ती जराशी दुखावली होती, आणि त्याचे बरोबर आहे हेही तिला दिसत होते. तिने नोंदवहीत आपल्या सहीच्या रकान्याशेजारी उतरणाऱ्याच्या सहीसाठी आणखी एक रकाना आखला.

“आकडा किती?” तिने विचारले.

“थांबा,” जानू म्हणाला. “अजून बघतोय.”