स्लॅबच्या दिवशी बंद पडलेला मिक्सर

मी एक जुना, सिमेंटचा माल कालवणारा मिक्सर आहे. एल आल्तो या उंच पठारावरच्या शहरात, बोचऱ्या वाऱ्यात एका भिंतीला टेकून पडलोय. हळहळू नका, मित्रांनो. ऐका.

या शहरातली कितीतरी घरं माझ्या पोटातून निघाली. नवा होतो तेव्हा मालकानं मला रंगीत फिती बांधल्या, पाचामामाच्या, म्हणजे धरणीमातेच्या नावानं माझ्यावर दारू शिंपडली. मला मान होता. मला चालवणाऱ्या तोमासाला नव्हता. वाळू-खडी तिनं वाहायची, मला तिनं भरायचं, तिनंच धुवायचं. तिला थापी चालवता यायची, पण मुकादम रेमिहिओ ती तिच्या हाती पडू देत नव्हता. थापी आली की मजूर मिस्त्री होतो, मजुरी वाढते. खरी पोटदुखी ती!

एकदा निम्मा स्लॅब ओतून झाला आणि एका मिस्त्रीचा पाय मुरगळला.

"मुकादम, मी चढते वर," तोमासा म्हणाली.

"बाई स्लॅबवर चढली की छताला तडा जातो!"

"आणि बाईनं पाठीवरून आणलेल्या वाळूनं जात नाही होय? वाळू फारच समजूतदार दिसते!"

वाळू वाहणाऱ्या बाकीच्या बायका खिदळल्या. रेमिहिओ भडकला. "जा, बटाटे उकड! वरचं बाप्ये बघतील."

तोमासानं माझं इंजिन बंद केलं. ते सुरू करायचं हँडल घागऱ्याखाली दडवलं आणि त्यावरच ठाण मांडून बसली. बाकीच्या बायकांनी माझ्याभोवती कडं केलं.

माझं पोट मालानं भरलेलं होतं. माल आत गोठला की मिक्सर मेला. ते मला ठाऊक होतं, तिलाही. तिनं माझ्या अंगावर हात ठेवला. "सोस रे, म्हाताऱ्या."

मी मनात म्हटलं, गोठू दे!

"अगं, मिक्सर मरेल!" रेमिहिओ ओरडला.

"त्याची काळजी वाटते. आमची कधी वाटली, मुकादम?"

ऊन चढलं. स्लॅबची ओली कड सुकू लागली. आता जुन्या-नव्या मालात सांधा राहिला असता, छत जन्मभर गळलं असतं. घरमालक वरून शिव्या घालत होता. अखेर रेमिहिओनं तोंडातली कोकाची पानं थुंकली आणि आपली थापी तिच्यापुढे फेकली.

ती हलली नाही. "हातात द्या. आणि मजुरी मिस्त्रीची."

त्यानं वाकून थापी उचलली. हातात दिली.

तोवर माझ्या पोटातल्या मालाचा दगड झाला होता. उरलेला माल फावड्यांनी कालवला. तोमासा वर चढली. त्या छतावर आज आणखी एक मजला उभा आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. भंगारवाला छिन्नी घेऊन येतो, माझ्या पोटातला दगड फोडायला. त्याला हाकला. तो दगड माझी कमाई आहे.

आणि वाळू वाहणाऱ्या बाईलाही नुसतं जपू नका. तिच्या हातात थापी द्या आणि शिडीवरून बाजूला व्हा.