सीटखालची पिशवी

मेकॅनिक संगप्पानं गाडीतल्या लाल दिव्यावर काळी टेप चिकटवायला घेतली तेव्हा वसंतराव त्याच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेले.

"सर, काही होत न्हाई," संगप्पा टेपचा तुकडा बोटावर घेऊन म्हणाला. "इंजनाचा दिवा न्हाई हा. लई लोक असंच फिरतेत."

"मग लोकांच्या गाडीला लाव," वसंतराव म्हणाले. जिल्हा परिषदेत उभी हयात गेलेली. एक कागद कमी असला तरी त्यांनी कुणाची फाइल पुढं सरकवली नव्हती, आता तर स्वतःच्या गाडीचा प्रश्न होता. "दिवा विझल्याशिवाय ही गाडी लातूरच्या बाहेर जाणार नाही."

अंगणात उभी असलेली त्यांची बायको विमल हे ऐकून गाडीजवळ आली, कारण लातूरच्या बाहेर म्हणजे नांदेड, आणि नांदेडला तिची नात वैष्णवी होती.

झालं होतं एवढंच. एसीचं पाणी गळून गाडीतला गालिचा कुजला होता. संगप्पानं डावीकडची पुढची सीट काढली, गालिचा उन्हात टाकला, वाळल्यावर सगळं जसंच्या तसं बसवलं. वास गेला आणि दिवा आला. स्टीअरिंगमागं एक लाल माणूस, छातीवर फुगा घेऊन बसलेला. एअरबॅगमध्ये बिघाड आहे असा त्याचा अर्थ. संगप्पानं सीटखालची पिवळी वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, मशीन लावून दिवा घालवला. गाडी घरी आली, दुसऱ्या दिवशी वसंतराव भाजी आणायला निघाले, आणि पहिल्याच गतिरोधकावर लाल माणूस हजर. पुन्हा गॅरेज, पुन्हा मशीन, आणि घरी आल्यावर पुन्हा तोच. संगप्पाच्या गॅरेजात गाडी दिवसभर शहाण्यासारखी वागायची. शेवटी त्या बिचाऱ्यानं टेप काढली, यात त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

पण "काही होत नाही" हे शब्द विमलला चालत नसत. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंपाच्या आधी कितीतरी महिने तिथली जमीन अधूनमधून गुरगुरायची, मांडणीवरची भांडी वाजायची. आधी लोक अंगणात झोपले. मग कंटाळले, काही होत नाही म्हणत पुन्हा घरात गेले. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे सगळं घर खाली बसलं. विमलची धाकटी बहीण बराच वेळ जिवंत होती म्हणे. दगडमातीखालून तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. विमल लातुरात सासरी होती, ती पोचली तेव्हा ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून विमलची एक पिशवी असते. बॅटरी, शिट्टी, चपला, शाल, पाण्याची बाटली. घरात ती उशाशी आणि गाडीत तिच्या सीटखाली, हात घातला की लागेल अशी. घरातले आधी हसले, मग सवय झाली. वैष्णवी लहानपणी त्यातली शिट्टी चोरून वाजवायची आणि मार खायची.

तीच वैष्णवी आता मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. मुलगा-सून पुण्याला नोकरीत, पोरगी आजीआजोबांकडं वाढलेली. शिकवणीसाठी अख्खा महाराष्ट्र लातूरला पोरं पाठवतो आणि वसंतरावांनी लातूरची पोरगी उचलून नांदेडला नेऊन ठेवली. घरी लाड होतात, अभ्यास होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी मात्र डबा घेऊन गाडी काढायचे तेच.

दिव्यापायी दोन रविवार बुडाले होते. विमल एसटीनं जाते म्हणाली तर वसंतरावांनी तिच्या गुडघ्यांचा विषय काढला. फोन रोज व्हायचा. पण पूर्वी हॉस्टेलच्या पातळ वरणावरून तासभर भांडणारी पोरगी आता एवढंच म्हणायची, "बरंय." जेवलीस का? बरंय. टेस्ट कशी गेली? बरंय. वसंतरावांना वाटायचं, पोरगी अभ्यासाला लागली. विमलला त्या शब्दाची भीती वाटायला लागली होती.

वेळ अमावस्या तोंडावर आली. त्या दिवशी लातूर शहर कुलूप लावून शेतात जेवायला जातं. वैष्णवीला सुट्टी नव्हती, म्हणून त्या जेवणातली भज्जी आणि आंबील तिच्यापर्यंत न्यायचं विमलनं ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी तिनं स्वतः संगप्पाला फोन केला. "संगप्पा, उद्या पोरीकडं जायचंय. काहीही कर."

संध्याकाळी संगप्पा गॅरेजातून गाडी घेऊन स्वतःच आला, मशीनसकट. दिवा विझलेला होता. "काकू, सगळ्या गल्ल्या फिरवून आणली. खड्डा दिसला की मुद्दाम घातली. न्हाई लागत आता."

तो चहाला बसला आणि विमलनं नेहमीप्रमाणं घरातून पिशवी आणून सीटखाली सरकवली. नेहमीप्रमाणंच. गाडी गॅरेजला जाताना पिशवी ती काढून घ्यायची, कारण ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा तिचा नेम, आणि गाडी आली की परत ठेवायची. वसंतरावांनी खात्री करायला किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. लाल माणूस तेवढा बसून राहिला.

संगप्पाचा चेहरा पडला. "आत्ता तर..." एवढंच तो म्हणाला.

विमल सीटजवळच उभी होती. आत्ता गाडीत काय बदललं, हे तिथं फक्त तिला ठाऊक होतं. तिनं खाली वाकून पिशवी ओढली. पिशवी निघेना. बंदात पिवळी वायर अडकली होती.

गप्प बसणं सोपं होतं. संगप्पा आणखी एकदा मशीन लावून गेला असता आणि बोल त्याच्याच माथी राहिला असता. पण उद्या नांदेड होतं.

"तुझं काही चुकलं नाही रे," ती म्हणाली. "माझी पिशवी आहे."

संगप्पानं आत डोकं घातलं. "माझं बी चुकलंय काकू. ही वायर वर पकडून धरणारी क्लिप सीट काढताना तुटली. म्हटलं, काय होतंय. म्हणून लोंबकळून राहिली." मग तो पिशवीकडं बघत जरा चाचरला. "पर ही हितं नका ठेवू. दिवा लागलेला असला की धडकंत एअरबॅग उघडलच असं न्हाई."

म्हणजे जीव वाचवायच्या पिशवीनंच जीव वाचवायची दुसरी सोय इतके दिवस बंद पाडून ठेवली होती. विमलला हसू आलं नाही. तिला बहिणीची आठवण झाली आणि अंगणातच रडू फुटलं. वसंतरावांना अशा वेळी काय करावं हे कधीच सुचत नसे. ते उगाच टायर बघत राहिले.

"मांडीवर घेऊ का?" तिनं डोळे पुसून विचारलं.

"मांडीवर न्हाई. डिकीत," संगप्पा म्हणाला. त्यानं वायर वर बांधून टाकली.

सकाळी पिशवी डिकीत गेली. लातूरची दुकानं बंद होती आणि लोक टोपल्या घेऊन शेताकडं निघाले होते. अख्ख्या रस्त्यात विमलचा हात सवयीनं सीटखाली जात होता आणि रिकामा परत येत होता. दिवा लागला नाही. वसंतरावांनी दोनदा तसं बोलूनही दाखवलं.

वैष्णवी हॉस्टेलच्या जिन्यावरून उतरली. वाळली होती, केस विंचरलेले नव्हते. "बरंय," ती विचारायच्या आधीच म्हणाली. डबा घ्यायला तिनं डिकी उघडली आणि तिथंच थांबली.

"आजी, पिशवी डिकीत का? काय झालं?" तिचा आवाज चिरकला. "तुला बरं नाही का? मला कुणी सांगितलं का नाही?"

"मला काय धाड भरलीय," विमल म्हणाली. "वायरीला लागत होती म्हणून हलवली, बस्स." मग तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझं सांग."

वैष्णवी डिकीच्या कडेवर बसली.

"माझी पण बॅग आहे, कॉटखाली," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत ना, त्यातल्या पहिल्या रविवारी भरली. रात्री झोप लागत नाही आजी. पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर राहतं. येतील, नेतील म्हणून मी दोन्ही रविवारी खाली येऊन थांबले."

"मग फोनवर सांगायचं नाही?" वसंतराव म्हणाले.

"आबा, तुम्ही म्हणाला असता, काही होत नाही."

वसंतराव खरंच तसं म्हणाले असते. "मग उद्याच्या टेस्टचं काय?" ते कसंबसं म्हणाले.

"जा, बॅग घेऊन ये," विमल वैष्णवीला म्हणाली. पोरगी जिन्याकडं धावली. विमलनं आपली पिशवी उचलून कोपऱ्यात दाबून बसवली आणि डिकीत जागा केली.

"अहो, टेस्टचं घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली. "गाडी सुरू करा."