आणखी थोडं, मामा!

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे भोंगा म्हणतात आणि परवापरवापर्यंत मला त्याचा केवढा तोरा होता! दमताना आधी हृदय हात टेकतं की मांडीचे स्नायू, हे आम्ही मोजतो. माणसाला सायकलवर बसवायचं, पेडल हळूहळू जड करत न्यायचं आणि तो अगदी मेटाकुटीला आला की ओरडून आणखी रेटायचं. ओरडलं नाही तर ताकद शिल्लक असतानाच तो पाय सोडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मी ओरडले की भलेभले शेवटपर्यंत पाय मारतात.

साठीपुढच्या गटातल्या एका गृहस्थांनी ऐन वेळी नकार दिला, म्हणून मी मामाच्या मागे लागले. आई गेल्यावर मला वाढवलं ते मामा-मामीनेच. मामाची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्तीत गेली, म्हणजे बंद लिफ्ट गाठायला कायम जिने चढायचे. तब्येत ठणठणीत. आधीच्या तपासण्यांतही काही निघालं नाही.

घोडं अडलं ते छातीपाशी. मामाच्या छातीवर केसांचं नुसतं रान, आणि हृदयाचे ठोके टिपणारे इलेक्ट्रोड नीट चिकटायचे तर तेवढी जागा भादरावी लागते. मी वस्तरा काढला, तर हा शर्ट घट्ट धरून उभा.

"खबरदार हात लावशील तर! तुझी मामी याच्यावरच भाळली होती."

"अरे मामा, बोटभर जागा हवी फक्त."

"कोंबडी समजलीस का मला, सोलायला?"

मी हसत सुटले. दुसरं कोणी असतं तर ठणकावलं असतं, पटत नसेल तर घरी जा म्हणून. मामापुढे विरघळले. केस बाजूला सारून इलेक्ट्रोड दाबले, वरून चिकटपट्टी मारली, झालं. श्वास मोजायचा मास्क तोंडावर चढवायच्या आधी त्याला बजावलं, "बोलता येणार नाही. बरं वाटतंय तर अंगठा वर. नाहीतर तळहात दाखव, मी लगेच थांबवेन."

सुरुवात झकास झाली. मग पेडल जड झालं, मामा घामाने निथळायला लागला आणि पडद्यावरची हृदयाची रेषा वेडीवाकडी उडायला लागली. नियम मला तोंडपाठ आहे: रेषा वाचता येईना झाली की सायकल थांबवायची, जागा साफ करायची, पुन्हा पहिल्यापासून. पण मला वाटलं, केसांवर इलेक्ट्रोड हलतोय, दुसरं काय असणार! थांबवलं असतं तर मांडीच्या स्नायूंचं सगळं मोजमाप वाया गेलं असतं. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. एक हाक पुरली असती. मी मामाकडे पाहिलं, त्याने अंगठा वर केला.

"शाब्बास! आणखी थोडं, मामा! आणखी थोडं!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

अंगठा खाली आला आणि मामा हँडलवर कोसळला.

डॉक्टर धावत आले. मामाला जमिनीवर घेतलं, मी छाती दाबत राहिले. झटका द्यायच्या यंत्राच्या पट्ट्या केसांवर चिकटेनात, तेव्हा मीच तो वस्तरा उचलला आणि त्याची छाती खसाखसा भादरली. या वेळी 'नाही' म्हणायला मामा शुद्धीवर नव्हता.

मामा वाचला. डॉक्टरांनी नंतर ती रेषा पुन्हा तपासली. थोडा भाग इलेक्ट्रोड हलल्याचा होता, बाकीची त्याच्या हृदयाचीच धडपड होती. "त्या गोंधळात कुणालाच कळलं नसतं," ते म्हणाले. मी मान डोलावली. तो गोंधळ मीच राहू दिला होता, हे सांगायला तोंड उघडलं नाही.

दवाखान्यात तर माझी आरतीच ओवाळायची बाकी होती. मामी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "ही होती म्हणून हा माणूस आज दिसतोय." आणि मामा पुढे जोडायचा, "मला तर नुसता अंधार दिसत होता. लांबून हिची हाक आली, 'आणखी थोडं, मामा!' म्हटलं, पोरगी बोलावतेय, परत फिरायला हवं."

प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काल राहवलं नाही.

"मामा, मी ओरडले ते तू पडायच्या आधी," मी म्हणाले. "नंतर माझ्या तोंडून शब्दही फुटला नव्हता. रेषा बिघडलेली मला दिसली होती. थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, उलट तुला रेटलं."

मामीचा हात माझ्या पाठीवर होता. तो तिने काढून घेतला.

मामाने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "छातीत कळ येत होती गं," तो म्हणाला. "पण तू एवढी जीव तोडून ओरडत होतीस. म्हटलं, हिच्या लोकांसमोर हिची मान खाली जायला नको. म्हणून अंगठा दाखवला."



तेवढ्यात आमच्या घराशेजारचे काका आत आले. "काय हो, काय ऐकतोय हे?" म्हणत खुर्ची ओढून बसले. मामाने गोष्ट सुरू केली. सायकल, मास्क, मामी भाळली होती ते केस. काका खो-खो हसले. मामी पाण्याची बाटली उगाच इकडची तिकडे ठेवत राहिली. मामा अंधारापर्यंत आला आणि थांबला.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय," मामा म्हणाला, "जाग आली तेव्हा इथे होतो."