पक्कं पाणी

गुलाबबाईंनी पाणी गाळायचं फडकं दाराच्या उजेडात ताणून धरलं. मांजरपाटाचं, दुहेरी, अक्षयतृतीयेलाच शिवलेलं. आणि त्यातून अंगणातली तुळस दिसत होती. बारीक बारीक भोकं, कडा पिवळट.

"हे गाळणं आहे की चाळणी? काय पुसतेस याने?"

त्यांची सून कुसुमलता छोटीच्या मानेला पावडर लावत होती. घामोळ्यांनी लेकराची मान भाजल्यासारखी लाल झाली होती. "गाळण्याला मला हात लावू देता का तुम्ही, बाई?"

"उलटून बोल. धुळ्याला माहेरी हेच शिकवलं. आधी पंखा लावून इन्व्हर्टरची बॅटरी मारली, आता गाळणं."

कुसुमलताने पावडरचा डबा जरा आपटूनच ठेवला. छोटी दचकली, तशी तिने तिला छातीशी घेतलं आणि कानात काहीतरी पुटपुटली.

मधल्या खोलीतल्या टेबलावर तिच्या नवऱ्याचा, ज्ञानचंदचा केबल टीव्हीचा पसारा होता. गच्चीवरच्या छत्रीचे रिसीव्हर, व्हीसीआर, बूस्टर. तिथून निघालेली काळी वायर गच्च्यांवरून थेट स्टेशनपलीकडे जायची. पेठेतली वीज गेली तरी स्टेशनपलीकडे ती असायची. तिकडचे टीव्ही चालू आणि त्यांना चित्र पुरवणारं हे टेबल मात्र बंद. म्हणून दिवाळीत इन्व्हर्टर आला. "मोठी बॅटरी घ्या, छोटीचा पंखाही चालेल," कुसुमलता म्हणाली होती. ज्ञानचंदने गॅरेजवाल्याकडून ट्रकची आणली. "घरात हवा खायला नाही घेत मी. धंदा आहे."

आता ती ट्रकची बॅटरी चहा उकळेपर्यंतही टिकत नव्हती.

वीज गेली. मधल्या खोलीत इन्व्हर्टर थोडा वेळ किंचाळला आणि गप्प झाला. जरा वेळाने ओट्यासमोर सायकल थांबली. स्टेशनपलीकडचं गिऱ्हाईक, हिलालभाऊ.

"ओ शेठ! टीव्हीवर बठ्ठ्या मुंग्याच दिखी ऱ्हायन्यात. पिच्चर कोठे शे? का मोतीलालनी लाइन लेऊ मी?"

"आलो, आलो, हिलालभाऊ," दुसऱ्या केबलवाल्याचं नाव ऐकताच ज्ञानचंद गच्चीवरून ओरडला. खाली आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. तो आधी पंख्याच्या बटणाकडे गेला, मग बायकोकडे वळला.

"खरं सांग. दुपारी लावतेस ना?"

"नाही."

"मग बॅटरी आपोआप मेली?"

"छोटीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते..."

"लेकराची शपथ घ्यायची नाही!" गुलाबबाई कडाडल्या.

ज्ञानचंदने बॅटरी ओढत ओट्यावर नेली. "बाई, बाटलीतलं पाणी वेळेवर घालता ना हिच्यात?" त्याने आईला विचारलं.

"पाण्याचं मी चुकेन का? तू खांबावर असतोस, म्हणून मीच बघते सगळं. हिला तर खोलीत पायसुद्धा ठेवू देत नाही."

"बरोबर करता. गॅरेजात बघून येतो. मिळाली तर आजच दुसरी ट्रकची बसवतो, आणि त्या खोलीला कुलूप." चपला घालता घालता तो थांबला. "कुसुम, आता पंख्याचं नावही काढायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तर लेकराला खाऊ काय घालशील?"

तो गेला. बॅटरी बाहेर होती, तेव्हा छोटीला झोळीत घालून कुसुमलताने मधल्या खोलीत केर काढायला घेतला. टेबलाखाली गॅरेजवाल्याने दिलेली, बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरची प्लॅस्टिकची बाटली आडवी पडली होती. रिकामी, तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. तिच्याशेजारी परेंड्यावरचा, पिण्याच्या पाण्याचा पितळी तांब्या.

ती तांब्या घेऊन ओट्यावर आली. बॅटरीचं एक झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं कीट चढलं होतं. असलंच कीट ती रोज एका पातेल्याच्या बुडातून खरवडायची. गुलाबबाई पहाटे प्यायचं पाणी उकळायच्या त्या पातेल्याच्या. आणि बॅटरी बसवली त्या दिवशी ज्ञानचंदच्या पँटवर तिच्यातल्या ॲसिडचे थेंब उडाले होते. धुतल्यावर तिथे गाळण्याला पडली तसलीच भोकं पडली होती, पिवळट कडांची.

तिने दाराच्या कडीवरचं गाळणं उचललं आणि बॅटरीच्या उघड्या तोंडावर पसरलं. वर तांब्या ठेवला.

गुलाबबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाटली संपली होती," त्या म्हणाल्या. "ते बाजारचं पाणी, कुणी गाळलेलं, कुणी उकळलेलं? मी उकळलेलं, पक्कं पाणी घातलं. घालतानाही गाळून घातलं. या गावात माझ्याहून स्वच्छ पाणी कुणाच्या घरात आहे?"

"कुणाच्याच नाही."

"त्याला सांगशील?"

कुसुमलताने झोळीकडे पाहिलं. झोपेतही छोटी मान खाजवत होती.

"चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही तिच्या," ती म्हणाली. तांब्या उचलला, गाळण्याची घडी केली आणि ती सासूच्या हातात दिली. गुलाबबाईंनी घडी पदराखाली घेतली.

संध्याकाळी जेवायला बसताना ज्ञानचंद सांगत होता, गॅरेजवाला जुनी बॅटरी ठेवून दुसरी देतोय.

"ट्रकची नको," गुलाबबाई ताटात भाकरी टाकत म्हणाल्या. "जळगावहून मोठी आण. आणि पंखा तिच्यावर लागू दे."

"बाई?"

"पोरगी रडते. मला माळ फेरता येत नाही."

"आणि बॅटरीचं पाणी..."

"ते कुसुम बघेल."

ज्ञानचंदने बायकोकडे पाहिलं. ती वाटीत वरण वाढत होती.

मोठी बॅटरी आली त्याच आठवड्यात एका दुपारी पेठेतली वीज गेली. पंखा क्षणभर अडखळला आणि फिरत राहिला. छोटीच्या कपाळावरचे केस उडाले. कुसुमलता तिला कुशीत घेऊन आडवी झाली होती. बोट लेकराच्या मुठीत.

शेजारच्या खोलीत गुलाबबाई सामायिकाला, एका आसनावर करायच्या जपाला, बसल्या होत्या, तोंडाला मुहपत्ती, समोर माळ. सामायिकात पंख्याचा वारा चालत नाही, त्याने हवेतले जीव मरतात. तो उघड्या दारातून आत जात होता, त्यांच्या आसनाची कड हलत होती. सामायिक सोडून उठता येत नव्हतं, आणि हाक मारायची म्हटली तर कुणाला मारणार? पंखा त्यांनीच तर लावायला सांगितला होता.

कुसुमलताने बोट हळूच सोडवून घेतलं. उठली आणि मधलं दार लावून घेतलं. कडी जरा जोरातच बसली.

आतलं पुटपुटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.