कॅल्शियमची बाटली

शेवटचा रविवार इतर रविवारांसारखाच गेला. जालन्याहून सकाळच्या एसटीनं मी टेंभुर्णीला पोचले, तेव्हा आई अंगणात शेळीची धार काढत होती. मी पिशवीतून कॅल्शियमची बाटली काढून फळीवर ठेवली. आतल्या गोळ्या कॅल्शियमच्या नव्हत्या. दीड वर्ष मी जालन्यातल्या मस्तगडच्या घरी बसून खऱ्या औषधाची पाकिटं फोडत होते, गोळ्या त्या बाटलीत भरत होते आणि पाकिटं जाळून टाकत होते. आईला एवढंच सांगितलं होतं, की मांडीत चरबीची गाठ होती, ती काढली, आता हाडांना ताकद हवी.

"आलं का गं अंजे, तुझं क्याल्शियम?" आई म्हणाली. "लई गुणाचं हाये. हाडं भरून राह्यले अन् केस गळून राह्यले."

"दूध पीत न्हाईस, म्हणून गळतात."

"मंग बराबर. मास्तरीण सांगून राह्यली म्हंजी खरंच असंल." ती हसली. मीही हसले. भाकरी खाऊन चारच्या गाडीनं परत आले.

सोमवारी उजाडलं तरी शेळ्या ओरडतच राहिल्या, म्हणून माझा भाऊ रामेश्वर बघायला गेला. आई उठलीच नव्हती.

भेटायला येणाऱ्यांना मी सांगत राहिले, हार्ट अटॅक. रामेश्वरही तेच सांगत होता. आजाराचं नाव घरात काढायचं नाही, हे आमचं ठरलेलं होतं. ती गेल्यावरही आम्हाला ते मोडता आलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा बटणांचा फोन वाजला.

"मावशी, सत्यशीला बोलते. काळी शेळी व्याली का?"

आई गेल्याचं मी सांगितलं.  मग त्यांनी ओळख दिली. संभाजीनगरच्या ज्या दवाखान्यात आईचं ऑपरेशन झालं, तिथं संशोधनाचं काम बघणाऱ्या त्या नर्स होत्या. लाखात एखाद्याला होणारा आईचा आजार. तशा रुग्णांच्या गाठीचे तुकडे, रक्त आणि माहिती त्या जमा करत. आईनं ते सगळं दिलं होतं. दर तीन महिन्यांनी त्या फोन करून तिची तब्येत लिहून घेत.

"तिला आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं." माझा आवाज चढला. "अडाणी बाई बघून कशावरही अंगठा घेतलात?"

"ताई, नाव सांगितल्याशिवाय आम्हाला अंगठा घेताच येत नाही. मी कागद दोनदा वाचून दाखवला. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. शेजारच्या खाटेवरच्या झुंबरबाई साक्षीदार आहेत."

 बाटली समोरच फळीवर होती, जवळजवळ भरलेली.

"मी विचारलं, मावशी, नीट समजलं ना, कशासाठी देताय? तर म्हणाल्या, शेळी रोगानं मेली तं आमच्यात तिला फाडून बघत्यात बाई, कुठं काय झाल्तं ते. म्हंजी बाकीच्या वाचत्यात."

लहानपणी मी ते पाहिलं होतं. आजोबा पोट चिरायचे आणि आई कंदील धरायची. मी दोन दिवस जेवले नव्हते.

"एकच अट घातली त्यांनी. पोरीला सांगू नका. तिला वाटतं मला ठावं न्हाई. त्याच्यावरच तर उभी हाये ती."

केस गळून राह्यले, असं ती माझ्याकडे बघत म्हणाली होती. आणि मी दुधाचं सांगितलं.

सत्यशीला हळू आवाजात म्हणाल्या, "घरच्यांची हरकत असेल, तर तुकडे आणि रक्त आम्ही संशोधनातून बाजूला काढू. नसेल, तर मावशींची नोंद पूर्ण करावी लागेल. कशानं गेल्या, काय लिहू?"

अंगणात रामेश्वर पाहुण्यांमध्ये बसला होता. मी फोन घेऊन दारात जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे बघायला लागला. बाकीचेही.

"बाजूला काढू नका," मी म्हणाले. "लिहा. माझ्या आईला कॅन्सर होता."