सडकं बीट

फेब्रुवारी संपत आला आणि बर्फ वितळायला लागलं की क्रेसलर गावाला घाण सुटायची. साखर कारखान्याच्या आवारात थंडीभर गोठून पडलेले बीटचे ढीग आतून सडायला लागत, आणि कुजका कोबी तुंबलेल्या गटारात उकळल्यासारखा तो वास नदीवरच्या पुलापासून थेट चर्चपर्यंत पसरे. अख्खं गाव त्या बीटापासून निघणाऱ्या साखरेवर जगत होतं, पण कारखान्याचं नाव निघालं की नाक मुरडत होतं. पुलावर गाडी चढली की आतल्या सगळ्यांनी नाक चिमटीत धरायचं, आणि जो शेवटी धरेल तो सडकं बीट, हा खेळ आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खेळत आलेले. लोरेन झीलिन्स्की, पोरांची मिसेस झेड, याच गावात वाढली होती, दुसरीच्या पोरांना शिकवता शिकवता इथेच तिचे केस पिकले होते. अजूनही रोज सकाळी पुलावर आली की तिचा हात स्टिअरिंग सोडून आपोआप नाकाकडे जाई, गाडीत दुसरं कुणी नसलं तरी.

या वर्षी तो खेळ वर्गात शिरला. मारिसेल ट्रेव्हिन्यो नावाची एक बारकी, गंभीर मुलगी वर्गात होती. तिचे वडील रूबेन कारखान्याच्या आवारात बीट ढकलणारा लोडर चालवायचे, आणि रात्रपाळी संपवून तसेच आपल्या गाडीतून तिला शाळेत सोडायचे. ती दारातून आत आली की कोल्टन नावाचं एक आगाऊ कार्टं गुपचूप नाकाला चिमटा लावी, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी रांग. कुणी हसत नसे की बोलत नसे. त्यामुळे फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या लोरेनला किती तरी दिवस याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सगळ्यांना झापलं. त्यानंतर पोरं पुस्तकाच्या आड नाक धरू लागली, एवढाच काय तो फरक पडला.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलींच्या बाथरूममध्ये गेली, तर मारिसेल बेसिनपाशी चवड्यांवर उभी. थंडीचं जाड जाकीट तिने पाण्यात बुडवलं होतं आणि भिंतीवरच्या डब्यातला गुलाबी साबण त्याच्या बाह्यांना चोळत होती. हात गार पाण्याने लालभडक झाले होते.

"निघत नाहीये," ती मागे न बघताच म्हणाली. "तुमच्याकडे दुसरा साबण आहे का, मिसेस झेड?"

 सडक्या बीटापेक्षा त्या गुलाबी साबणाचा वास लोरेनला घाण वाटला. तिने जाकीट पिळून भिंतीलगतच्या गरम रेडिएटरवर टाकलं, पोरीला आपलं स्वेटर घातलं, आणि याचा निकाल लावायचाच असं ठरवलं.

निकाल लावायला तिच्या हाताशी होतं ते एक चित्रांचं पुस्तक. दर वर्षी याच दिवसांत ती त्यावरून भूगोल शिकवायची. एक ढेरपोट्या बेकर आणि त्याची मांजर केकचं सामान आणायला फुग्यात बसून जगभर हिंडतात, अशी ती गोष्ट. व्हॅनिलाला मादागास्कर, दालचिनीला श्रीलंका, कोकोला घाना. एकेक पान वाचून झालं की पोरं भिंतीवरच्या नकाशात आपल्या गावापासून त्या देशापर्यंत रंगीत लोकर ताणून टाचणी टोचायची, आणि शेवटी तो केक भाजून सगळ्यांनी खायचा. पोरांना हा भूगोल इतका आवडे की मोठी होऊन दुकानात भेटली तरी मादागास्कर कुठे आहे ते बरोब्बर सांगायची.

साखरेचं पान आलं. बेकर कॅरिबियनच्या एका बेटावर उतरतो, उसाच्या शेतातली माणसं दात दाखवत त्याला मोळी देतात आणि त्याबद्दल काही मागतही नाहीत. लोरेनने हे पान आजवर किती वेळा वाचलं असेल. त्या दिवशी मात्र वाचता वाचता तिची जीभ अडली. भर उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसांचे ते गुळगुळीत हसरे चेहरे बघून तिला शिसारी आली. बाहेर कारखान्याची चिमणी धूर ओकत होती, कपाटात त्याच कारखान्याच्या साखरेची पिशवी होती, आणि या खुर्चीत बसून ती वर्षानुवर्षं गावच्या पोरांना साखर समुद्रापलीकडून येते म्हणून शिकवत आली होती. पोरांनी पांढरी लोकर त्या बेटापर्यंत ताणली होती. तिने उठून ती काढली, कापली आणि दुसरं टोक गावाच्या टाचणीला लागूनच टोचलं. लोकर इतकी आखूड झाली की तिला गाठसुद्धा बसेना.

"साखर इथली आहे," ती म्हणाली. "पुलापलीकडची. आपल्यातल्या एकीचे वडील ती बनवतात."

सगळ्यांनी मारिसेलकडे वळून बघितलं. मारिसेल टेबलाकडे बघत राहिली. पोर लाजली, असं लोरेनला वाटलं.

मुख्याध्यापकाला हे मुळीच रुचलं नाही. केव्हिन ब्रॅडॉक म्हणजे तिचाच जुना विद्यार्थी, दुसरीत असताना चिकटवायची खळ बोटाने चाटून खायचा. आता तो टाय लावत होता आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होता. केकच्या दिवसाला त्याने 'जागतिक बेकिंग दिन' करून टाकलं होतं. पालकांना आमंत्रण, पोरांना खोटे पासपोर्ट, वर शिक्के. शॅनन नावाच्या उत्साही पालकबाईंनी पुठ्ठ्याची नारळाची झाडंही कापून ठेवली होती.

"मिसेस झेड, मुलांना जग दाखवायचंय आपल्याला," तो म्हणाला. "मागची गल्ली ती रोजच बघतात. शिवाय त्या वासाची आठवण कशाला, खायच्या वेळी?"

"तू खळ खायचास तेव्हा नाही आला तुला वास?" लोरेनने विचारलं.

तो हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी नारळाची झाडं राहतील आणि आखूड लोकरही राहील, यावर मिटलं. त्याला न सांगता लोरेनने आणखी एक गोष्ट केली. शाळा सुटायच्या वेळी तिने रूबेनला गाडीपाशी गाठलं आणि त्या दिवशी वर्गात यायला सांगितलं. एक बीट आणा, थोडी साखर आणा, या बीटाची ती साखर कशी होते ते पोरांना दोन शब्दांत सांगा. माणूस अवघडला. आपल्याला बोलता येत नाही म्हणाला. मग लेकीचा मान राहील असं लोरेन म्हणाली तेव्हा टोपी काढून हो म्हणाला. मारिसेलला आधी सांगायचं नाही, तिला एकदम आनंद होऊ दे, हेही लोरेनचंच म्हणणं. पोरीला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही.

तो दिवस बघवत नव्हता. कॅफेटेरियाच्या भट्टीतून आलेल्या केकवर शॅननबाईंनी निळ्या आयसिंगचा समुद्र केला होता आणि त्यात जेलीच्या गोळ्यांचे देश रोवले होते. पोरं बोटं बुडवून चाटत होती आणि चाटलेली बोटं पुन्हा बुडवत होती. कोल्टनने अख्खा ऑस्ट्रेलिया चोखून पुन्हा जागेवर ठेवला. सगळ्यांचे दात निळे, हनुवट्या निळ्या. पालक भिंतीला टेकून कौतुकाने बघत होते, आणि ब्रॅडॉक फोन उंच धरून फिरत होता. लोरेनची नजर सारखी दाराकडे जात होती. एकदा तो माणूस आत आला, बोलला, पोरांनी ऐकलं, की मारिसेलला पुन्हा कधी बेसिनपाशी उभं राहावं लागणार नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

दार उघडलं. रूबेनने स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, केस ओले करून चापून बसवले होते. एका हातात मातीसकट भलंमोठं बीट, दुसऱ्या हातात साखरेची पिशवी. पण पाळी संपवून तो थेट आला होता, आणि बर्फ वितळायचे दिवस होते. त्याच्याबरोबर तो वास आत आला.

कोल्टनचा हात नाकाला गेला. मग सगळ्या वर्गाचे. शॅननबाईंनी हसत हसत नाक धरलं, भिंतीपाशी उभ्या असलेल्या आईबापांनी धरलं. सगळी गावचीच माणसं, लहानपणापासून हात वळलेला.

मारिसेलने वडिलांकडे बघितलं. मग तिने वळून लोरेनकडे बघितलं, बराच वेळ, काहीतरी विचारल्यासारखं. आणि मग तिनेही चिमटीत नाक धरलं.

दारात रूबेन क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने बीट काखेत धरलं, मोकळ्या हाताने स्वतःचं नाक दाबलं आणि गेंगाण्या आवाजात म्हणाला, "मी शेवटचा. म्हणजे सडकं बीट मीच."

वर्ग खदखदून हसला. पुढे त्याने नाक धरूनच सगळं सांगितलं, बीट कसं धुतात, कसं कापतात, रस कसा आटवतात, आणि प्रत्येक वाक्याला हशा पिकला. मारिसेलही हसत होती. एवढा रंगलेला भूगोलाचा तास आपण पाहिला नव्हता, असं शॅननबाई म्हणाल्या. जाताना रूबेनने लोरेनला मान लववली, पण तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

"दर वर्षी हेच करू या," ब्रॅडॉक फोन पुढे करत म्हणाला. "आणि तुम्हीपण ना, मिसेस झेड. काय फोटो आलाय बघा."

फोटोत दारात उभा रूबेन होता, दोन्ही हात भरलेले, अजून नाक न धरलेला. पुढे निळ्या तोंडांची पोरं. मारिसेल मान वळवून बघत होती, तिचे दोन्ही हात अजून खालीच होते. ती जिच्याकडे बघत होती ती लोरेन, टेबलामागे ताठ उभी, आणि तिच्या नाकाला दोन बोटं चिमट्यासारखी लागलेली.

तिला स्वतःचीच किळस आली, इतकी की तो हात अंगापासून दूर धरावासा वाटला. हात कधी वर गेला ते तिला आठवत नव्हतं. तो कधी खाली आला हेही आठवत नव्हतं.

पालक गेले, खुर्च्या लावून झाल्या. मारिसेल कागदी ताटलीत केकचा तुकडा घेऊन तिच्याजवळ आली. तिचेही दात निळे झाले होते.  लोरेनचा चेहरा बघून पोरीला तिची दया आली असावी.

"रडू नका, मिसेस झेड," ती समजूत घालत म्हणाली. "आपण दोघी शेवटच्या नव्हतो. पप्पा होते."

आणि तिने ताटली पुढे केली.